अॅड्रेनालिनचं पेन की साधी अँप्युल?

आमच्या दादांना मधमाशी डसली की आधी अंगभर गांधी उठतात, मग ओठ सुजतात, मग श्वास अडकायला लागतो. शेत जालना जिल्ह्यात, मोसंबीचं. आंबे बहार फुलला की जानेवारी-फेब्रुवारीत सगळी बाग माशांनी घुमते. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा जीवघेण्या अॅलर्जीवरच्या अॅड्रेनालिन इंजेक्शनचं किट ठेवायचं हे ठरलेलंच होतं. त्यात पेन, म्हणजे दाबलं की टोचणारं तयार इंजेक्शन ठेवावं, की अँप्युल, म्हणजे औषधाची बंद काचेची कुपी आणि सिरिंज, एवढाच प्रश्न होता.

आधी पेन आणलं. वापरायला त्याला तोड नाही. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगाला दाबून धरायचं, पँटवरूनही चालतं. डोस आत मोजलेलाच. पण ते बाहेरून मागवावं लागलं, हजारो रुपये गेले आणि हातात आलं तेव्हा मुदतीतले काही महिने सरले होते. हेही चालवून घेतलं असतं.

खटकलं ते वेगळंच. पेन 25 अंशांच्या आसपास ठेवायचं, फ्रिजमध्येही नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. एवढी महागाची वस्तू गाडीच्या डिक्कीत किंवा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत टाकायला कुणाचं मन धजेना. वहिनींनी ती जपून लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवली. उन्हाळा सरला तरी ती तिथेच राहिली. फेब्रुवारीत दादांना बागेत माशी डसली तेव्हा पेन तीन किलोमीटरवर होतं, कपाटाला कुलूप, किल्ली वहिनींच्या कमरेला आणि वहिनी बचत गटाच्या बैठकीला! गडी मोटारसायकलवर पळाला. पेन आलं, टोचलं, दादा वाचले. मधली वीस मिनिटं मात्र मी विसरू शकत नाही.

त्यानंतर अँप्युलकडे वळलो. एका मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम औषध, किंमत किरकोळ. म्हणून तीन डब्या केल्या: घरी, आखाड्यावर आणि दादांच्या खांद्यावरच्या पिशवीत. आखाड्यावरची डबी माठाच्या आडोशाला, अंधारात असते. उन्हाळा संपला की तिन्ही बदलतो. जिवाला लागत नाही.

अडचण आहे ती काचेची. पहिल्यांदा अँप्युलची मान मोडताना माझा अंगठा कापला. डॉक्टरांनी समोर बसवून शिकवलं, मग मी मुदत संपलेल्या अँप्युल वापरून मोसंबीवर सराव केला. आता हात बसलाय. सिरिंज 1 मिलिलिटरची, सुई इंचभर लांब. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका, ती सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. प्रौढाला जास्तीत जास्त अर्धा मिलिलिटर. दादांचा डोस डॉक्टरांनी लिहून दिलाय, तो डबीच्या झाकणावर चिकटवलाय. डबीत दोन अँप्युल हव्याच. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस द्यावा लागतो.

लहान लेकरू असेल, किंवा घरी एकटी म्हातारी असेल, तर मी पेनच घ्या म्हणेन. थरथरत्या हाताने लेकराचा डोस मोजणं माझ्याच्याने व्हायचं नाही. आमच्यासारखं शेतावर चार हात हाताशी असतील, तर मला वाटतं अँप्युल बरी. अर्थात तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या वरचा.

काहीही निवडा, पण गावात कुणी तरी 'एव्हिल द्या, बरं होईल' म्हणणारच. एव्हिल हे अॅलर्जीवरचं नेहमीचं औषध, त्याने खाज कमी होते, घसा मोकळा होत नाही. आधी अॅड्रेनालिन, माणूस आडवा, पाय थोडे वर, आणि लगेच 108. दम लागत असेल तर बसू द्या, पण उठून चालायला लावू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबायचं, कारण त्रास उलटून येऊ शकतो.

दादांसाठी आणलेलं दुसरं पेन वापराविनाच मुदतबाह्य झालं. तेही मी ओट्यावर मोसंबी ठेवून टोचून पाहिलं. दणका असा बसला की मोसंबी घरंगळत चुलीपाशी गेली.