पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५×२१): मुलांसोबत वसंतात भटकायला घ्यावी अशी दुर्बीण

दुर्बीण घेताना बहुतेक जण एकच विचारतात, लांबचं किती दिसतं? मुलांना घेऊन बागेत, तळ्याकाठी किंवा जंगलाच्या कडेने फिरायचं असेल तर जवळचं किती दिसतं हे आधी विचारावं. वसंतातली मजा हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे असते: कोवळ्या पालवीवर चिकटलेला मावा, तो खायला आलेला लेडीबर्ड, परागात माखलेली मधमाशी, पंख पसरून ऊन खाणारं फुलपाखरू. नेहमीच्या ८×४२ (आठ पट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर रुंद भिंगाच्या) दुर्बिणीत साधारण दोन-अडीच मीटरच्या आतलं स्पष्ट होत नाही, काहींमध्ये तर चार-पाच मीटरच्या आतलंही नाही. पॅपिलिओ अर्ध्या मीटरपर्यंत फोकस होते, आणि ती घेण्याचं खरं कारण तेवढंच आहे.

साध्या दुर्बिणीची दोन्ही भिंगं समांतर बघतात. त्यामुळे अगदी जवळच्या वस्तूची दोन चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. पॅपिलिओत फोकसचं मधलं चाक जवळच्या अंतराकडे फिरवलं की पुढची भिंगं सरकता सरकता एकमेकांजवळही येतात. पुढच्या सपाट काचेतून ती सरकताना दिसतात. ते एकदा मुलांना दाखवून टाका, नाहीतर वाटेत दुर्बीण उलटी धरूनच बघत बसतील.

अर्ध्या मीटरवरची गोष्ट साडेसहा पट मोठी, म्हणजे डोळ्यापासून आठेक सेंटिमीटरवर धरल्यासारखी दिसते. इतक्या जवळ जाईपर्यंत फुलपाखरू थांबतंच असं नाही. रोजच्या वापरात एक ते दीड मीटर हे अंतर सोयीचं. तिथूनही सोंडेची गुंडाळी सुटताना आणि पंखाच्या कडेची झालर नीट दिसते. सकाळी ऊन नुकतं पडलेलं असताना कीटक सुस्त असतात, तेव्हा जा. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका; सावली पडली की उडालेच.

घरातून निघण्यापूर्वी दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्यायची. दोन्ही नेत्रिका (डोळ्याला लावायची भिंगं) एकमेकींपासून जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत अंतर बसवा. मग उजवी बाजू समोरून तळव्याने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. आता डावी बाजू झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून तेच चित्र उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, म्हणून झाकणंच बरं. चष्मा असेल तर नेत्रिकांच्या कडा खाली ठेवा, नसेल तर फिरवून वर काढा. काचा जाड असतील तर चित्राची कड थोडी कापली जाते.

एक मेख इथे आहे. नेत्रिकांमधलं अंतर साधारण ५६ मिलिमीटरच्या खाली येत नाही, आणि पाच-सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असतं. अशा मुलाला काळ्या सावल्या दिसतात आणि ते ‘काहीच दिसत नाही’ म्हणून दुर्बीण परत देतं. त्याला एकाच डोळ्याने बघू द्या. मूल मोठं होत जातं तशी सहसा ही अडचण राहत नाही.

जवळून बघताना दोन गोष्टी सांभाळायच्या. डोळे आत वळतात, म्हणून नेत्रिकांमधलं अंतर किंचित कमी करावं, नाहीतर डोकं दुखतं. शिवाय स्पष्ट दिसणारा पट्टा फारच अरुंद असतो. चाक सारखं फिरवत बसण्यापेक्षा फोकस एकदा बसवून कंबरेतून पुढे-मागे झुका. मुलांना ही युक्ती चाकापेक्षा लवकर जमते.

याच दुर्बिणीचा ८.५×२१ असाही प्रकार मिळतो. मुलांसाठी तो नको. हाताची थरथरही साडेआठ पट होते, दृश्याचा गोल साडेसात अंशांवरून सहावर येतो आणि पान शोधेपर्यंत त्यावरचा सुरवंट सरकलेला असतो. शोधायची रीत मात्र दोन्हींत एकच: नजर वस्तूवर खिळवून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की जागा हरवते.

उणिवा आहेतच. ही जलरोधक नाही, सर आली की पिशवीत जायला हवी. २१ मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्यात येणारा प्रकाशझोत ३.२ मिलिमीटरचा, भर दिवसा तेवढा पुरतो, पण दाट झाडीत किंवा संध्याकाळी बाहुली मोठी झाली की चित्र मंद वाटतं. पंचवीस-तीस मीटरवरचा पक्षी चांगला दिसतो, तळ्याच्या पलीकडची बदकं ओळखायला ही अपुरी. मुख्य ओढ पक्ष्यांची असेल तर ८×३२ घ्या.

वजन सुमारे २९० ग्रॅम आहे, मुलाच्या मानेला जड होत नाही. पट्टा छातीपर्यंत येईल इतका आखूड करा. लांब सोडला तर वाकताना दुर्बीण दगडावर आपटते. एका जोरदार आपटीत आतले लोलक हलले की सगळं दुहेरी दिसू लागतं, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. पुढच्या काचेवर बोटांचे ठसे उमटणारच. आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच मऊ कापड फिरवा, कारण धुळीसकट पुसलं की चरे पडतात. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखायची नाही, हे पट्टा गळ्यात घालण्याआधीच बजावा. आणि तीन मुलांत एक दुर्बीण असेल तर बाकी दोघांच्या हाती साधं भिंग द्या, म्हणजे पाळीवरून भांडणं कमी होतात.