दुखणे विचारून पट्टी बदलणारी घरपोच ड्रेसिंग सेवा : नौपाडा, ठाणे

आईच्या डाव्या घोट्याच्या वर शिरांच्या विकारामुळे झालेली जुनी जखम आहे आणि तिच्या ड्रेसिंगसाठी गेले तीन महिने एका खासगी शुश्रूषा सेवेच्या सिस्टर आठवड्यातून दोनदा आमच्या नौपाड्यातील घरी येतात. पूर्वी आम्ही जिथे जात होतो, तिथे जखमेला चिकटून वाळलेला गॉज एका झटक्यात ओढून काढत आणि "आजी, थोडं सहन करा" एवढेच म्हणत. ड्रेसिंगच्या आदल्या रात्री आईचा डोळा लागत नसे.

या सिस्टरांनी पहिल्या दिवशी बॅग उघडण्यापूर्वीच विचारले, "काकू, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर पट्टी काढताना किती दुखतं?" आईने आठ सांगितले. तेव्हापासून पट्टी काढण्यापूर्वी, काढताना आणि नंतर असे तीन आकडे दर खेपेला वहीत लिहिले जातात. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलची गोळी ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी ठरवून दिली, गॉजऐवजी जखमेवर न चिकटणारा मऊ सिलिकॉनचा थर आला, आणि थंड द्रावणाने जखम ठणकते म्हणून सलाईनची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली जाऊ लागली. पट्टी काढताना त्या एका हाताच्या दोन बोटांनी कातडी दाबून धरतात, कड वर न उचलता कातडीलगत हळूहळू मागे घेतात, आणि जिथे अडेल तिथे पुन्हा सलाईन सोडून थांबतात. आईने हात वर केला की काम थांबते. माझ्या मते आईची भीती सर्वांत जास्त याच गोष्टीने गेली.

हा केवळ सिस्टरांचा चांगुलपणा नव्हे. पट्टी बदलताना होणाऱ्या वेदना कमी करण्याविषयी जखम-उपचारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने 2004 मध्येच मार्गदर्शन प्रसिद्ध केले असून त्यात न चिकटणारे ड्रेसिंग आणि रुग्णाला थांबवण्याची मुभा या दोन्ही गोष्टी आहेत. जखम उघडी ठेवून वाळवावी, हा आमच्या घरातला समजही सिस्टरांनीच दूर केला. ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगात दाखवले होते.

आता पट्टी काढतानाचा आकडा बहुधा तीन असतो. मध्यंतरी एकदा पट्टीला हात लावण्यापूर्वीच आईने सात सांगितले, तेव्हा अचानक वाढलेले दुखणे संसर्गाची खूण असू शकते म्हणून सिस्टरांनी आम्हाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. संसर्गच निघाला. वहीत आधीचे आकडे नसते, तर "म्हातारपणी दुखायचंच" म्हणून आम्ही चार दिवस काढले असते.

दोन तक्रारी मात्र आहेत. सुट्टीच्या दिवशी बदली आलेल्या सिस्टरांनी वही न वाचताच काम सुरू केले आणि आकडा पुन्हा सहावर गेला. ही वही प्रत्येकीने आधी वाचलीच पाहिजे. दुसरी तक्रार वेळेची. घोडबंदर रोडच्या वाहतुकीत त्यांना कधी दीड-दोन तास उशीर होई आणि ठरलेल्या वेळी घेतलेल्या गोळीचे गणित चुके. आम्ही तसे कळवल्यावर सिस्टर आता कासारवडवलीच्या रुग्णाकडून निघताना फोन करतात, आणि तो फोन आला की आई गोळी घेते.