पॉझिटिव्ह ग्राउंडचं घरगुती फझ पेडल: आहे तसं ठेवावं की बदलावं?

जर्मेनियमचे पीएनपी (उणे व्होल्टवर चालणारे) ट्रान्झिस्टर वापरून फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारं पेडल, बनवलं, बॅटरीवर ते सुरेख वाजलं, आता ते बाकीच्या पेडलांच्या रांगेत बसवायचंय. इथेच अडतं. 1966 साली आलेल्या फझ फेस या जर्मेनियम फझ पेडलमध्ये बॅटरीचं प्लस टोक ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्य बिंदूला, असायचं, आणि त्यावरून बेतलेल्या बहुतेक घरगुती सर्किट्समध्येही तसंच असतं. आजच्या बहुतेक पेडलांत मात्र मायनस ग्राउंडला असतं. दोघांना एकाच अडॅप्टरच्या साखळी केबलवर (अनेक पेडलांना एकत्र वीज देणारी केबल) लावलं की दोन्ही ग्राउंड गिटारच्या केबलच्या शिल्डिंगमधून एकमेकांना भिडतात आणि अडॅप्टरचं प्लस त्याच्याच मायनसवर येतं. थेट शॉर्ट. आवाज बंद, अडॅप्टर गरम.

आपलं पेडल कोणत्या प्रकारचं आहे याची शंका असेल तर बॅटरी काढा, इनपुटमध्ये प्लग खुपसा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून जॅकच्या स्लीव्हपासून (ग्राउंडच्या टोकापासून) बॅटरी क्लिपच्या दोन्ही वायरी तपासा. लाल वायरीवर बीप आला तर पॉझिटिव्ह ग्राउंड.

पुढे चार वाटा आहेत. सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत, आणि कोणती धरायची हे पेडलपेक्षा तुमच्या पॉवर सप्लायवर जास्त अवलंबून आहे.

पहिली वाट म्हणजे काहीच न बदलणं. बॅटरीवर वाजवत असाल किंवा तुमच्या सप्लायचे आउटपुट खरोखर आयसोलेटेड, म्हणजे आतून एकमेकांपासून तोडलेले, असतील, तर पेडल उघडायची गरजच नाही. नेहमीच्या सेंटर निगेटिव्ह प्लगमध्ये बाहेरची बाजू प्लस असते. डीसी जॅक प्लास्टिकचा असेल, त्याची बाहेरची बाजू सर्किटच्या ग्राउंडला आणि मधली पिन मायनसला जोडलेली असेल, तर तीच नेहमीची केबल चालते. प्रश्न एकच, आउटपुट खरंच वेगळे आहेत का? अनेक सप्लायना आठ-दहा सॉकेट असतात, पण आतून सगळ्यांचं मायनस एकच असतं. सप्लाय बंद करून दोन सॉकेटांच्या मायनसमध्ये कंटिन्युइटी पाहा. बीप आला तर ते आउटपुट आयसोलेटेड नाहीत, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

दुसरी वाट सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत मोहात पाडणारी: ट्रान्झिस्टर पीएनपीच ठेवायचे आणि सर्किटचा फक्त ग्राउंड हलवायचा. ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस आणि कलेक्टर अशी तीन टोकं असतात. एमिटरकडची बाजू, जी आधी ग्राउंडला होती, ती +9 व्होल्टच्या रेलवर (सप्लायच्या वायरीवर) जाते. कलेक्टरच्या रेझिस्टरांची जी टोकं मायनसला होती, ती आता ग्राउंडला येतात. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) आणि जॅक ग्राउंडलाच राहतात. कागदावर यात काही चूक नाही, कारण सिग्नलच्या दृष्टीने दोन्ही रेल सारख्याच, त्यांच्यामध्ये मोठा कपॅसिटर असला म्हणजे झालं.

प्रत्यक्षात इनपुटचा 2.2 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक पाहा. मूळ सर्किटमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस ग्राउंडपेक्षा जेमतेम दशांश-दोन दशांश व्होल्टने खाली असतो, म्हणून या कपॅसिटरचं प्लस गिटारच्या बाजूला. ग्राउंड हलवल्यावर तोच बेस जवळपास 8.8 व्होल्टवर जातो. आता कपॅसिटर उलटा फिरवावाच लागतो आणि त्याच्यावर जवळपास सगळा सप्लाय येऊन बसतो. तो किंचित जरी गळका असेल, तरी स्विच दाबताना फट्ट आवाज आणि गिटारचा पॉट फिरवताना खरखर. इथे फिल्म कपॅसिटर आणि इनपुटपासून ग्राउंडला 1 मेगओहम लावलेला बरा. फझ पॉटवरचा 20 मायक्रोफॅरडचा मात्र एमिटरच्या रेलवरच ठेवला तर फिरवावा लागत नाही. ‘सगळे इलेक्ट्रोलिटिक उलटे करा’ हा सल्ला इथे डोळे झाकून पाळला की घोळ होतो.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. गिटारचा सिग्नल ग्राउंडच्या संदर्भाने येतो आणि एमिटर +9 व्होल्टच्या. त्यामुळे सप्लायवरचा गोंगाट बेस आणि एमिटरच्या मधोमध शिरतो आणि पुढे फझइतकाच वाढतो. सप्लाय कच्चा असेल तर पेडल बोटीच्या इंजिनासारखं फटफटू लागतं. 100 ओहम आणि 100 मायक्रोफॅरडचं फिल्टर लावून बऱ्याचदा जमतं, पण बऱ्याचदाच. एका खोलीत शांत असलेलं पेडल दुसऱ्या सप्लायवर ओरडायला लागू शकतं, म्हणून स्टेजवर न्यायच्या पेडलसाठी मी ही वाट सुचवणार नाही.

साखळी केबल सोडायची नसेल तर माझं मत तिसऱ्या वाटेला. मूळ सर्किटला हातच लावायचा नाही. आत एक छोटा बोर्ड बसवायचा, त्यावर चार्ज पंप आयसी, जो +9 व्होल्ट घेऊन सुमारे -9 व्होल्ट देतो. पेडलचं बाहेरचं ग्राउंड मायनस राहतं, आणि आतल्या सर्किटला हवी तीच वीज मिळते. फझ फेससारखं सर्किट दोन-एक मिलिअँपच्या आत भागवतं, त्यामुळे व्होल्टेज पडण्याची चिंता नाही. आयसीच्या पिन 2 आणि 4 मध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (प्लस पिन 2 कडे), पिन 5 आणि ग्राउंडमध्ये आणखी एक, आणि याचं प्लस ग्राउंडला. इथेच हात चुकतो, म्हणून सोल्डर करण्याआधी पुन्हा पाहा.

आयसी निवडताना दोन गोष्टी जपा. मॅक्स1044, टीसी1044एस आणि एलटी1054 हे असे चार्ज पंप आयसी. मॅक्स1044 ला 10 व्होल्टच्या वर चालवायचा नसतो. रेग्युलेटेड नसलेला 9 व्होल्टचा अडॅप्टर हलक्या लोडवर सहज त्यापुढे जातो आणि आयसी मरतो. टीसी1044एस 12 पर्यंत, एलटी1054 15 पर्यंत. दुसरी गोष्ट शिट्टीची. मॅक्स1044 ची आंदोलनं 5 किलोहर्ट्झच्या आसपास असतात, ती ऐकू येतात. त्याची पिन 1 प्लसला जोडली की वारंवारता सुमारे सहापट होते आणि शिट्टी कानाच्या बाहेर जाते. टीसी1044एस लाही हीच युक्ती लागू. एलटी1054 च्या पिन 1 चं काम वेगळं आहे, तिथे हे करू नका, आणि तो मुळातच 25 किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. बोर्ड इनपुटच्या वायरीपासून लांब ठेवा.

चौथी वाट एनपीएन ट्रान्झिस्टर, म्हणजे पीएनपीच्या उलट ध्रुवतेचे. ट्रान्झिस्टर बदला, सगळे इलेक्ट्रोलिटिक आणि असल्यास डायोड उलटे करा, रेझिस्टर आणि फिल्म कपॅसिटर तसेच. ‘सगळे उलटे करा’ हा सल्ला इथे अक्षरशः खरा ठरतो. सर्किट स्वच्छ, सप्लाय कोणताही चालतो. पण बीसी108 सारखा सिलिकॉन घातला की पेडल वेगळं वाजतं: जास्त तिखट, जास्त गेन, गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जर्मेनियमइतकं मऊ होत नाही. त्या बदल्यात ते उन्हात बायस (ट्रान्झिस्टरची स्थिर व्होल्टेजची बैठक) सोडत नाही. 8.2 किलोओहमच्या कलेक्टर रेझिस्टरच्या जागी ट्रिमर (स्क्रूने जुळवायचा रेझिस्टर) लावून दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर 4.5 व्होल्टच्या आसपास आणा. एसी127 सारखे एनपीएन जर्मेनियम आहेत, पण त्यांत चांगली, कमी गळकी जोडी जुळवायला बरेच नग तपासावे लागतात.

तेव्हा वाजणारं, जुळवलेल्या पीएनपी जोडीचं पेडल हातात असेल तर ट्रान्झिस्टर काढू नका. आयसोलेटेड आउटपुट असेल तर ते द्या, नसेल तर चार्ज पंप बसवा. नवीनच बनवत असाल आणि तिखट आवाज चालणार असेल, तर पहिल्यापासून एनपीएन सिलिकॉन घ्या. चार्ज पंपासाठी डब्यात जागाच उरली नसेल, तरच ग्राउंड हलवण्याचा विचार करा, आणि तोही ज्या सप्लायवर वाजवणार आहात त्याच सप्लायवर पूर्ण व्हॉल्यूमला तपासून.