हायड्रो हँडब्रेक बसवून घेताय? पैसे देण्याआधी दुसऱ्या कॅलिपरचं निपल उघडून बघा

गाडी स्टँडवर चढवायची, गिअर टाकून मागची चाकं फिरवायची आणि हायड्रो (ऑइलच्या दाबावर चालणारा, मागची चाकं अडवणारा हाताचा ब्रेक) ओढून ती जागच्या जागी थांबवून दाखवायची, हा गॅरेजवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम. तो बघून हिशेब चुकता करू नका. चाक थांबलं याचा अर्थ एवढाच, की कुठला तरी ब्रेक लागला. कुठला, हे त्यातून कळत नाही. मला गंडवलं ते नेमकं तिथेच.

मी सांगितलेलं काम असं होतं. ड्रिफ्टच्या, म्हणजे मागची चाकं घसरवत वळवायच्या, गाडीच्या मूळ ब्रेकला हात लावायचा नाही. मागच्या दोन्ही डिस्कवर वेगळ्या ब्रॅकेटवर एकेक जादा कॅलिपर (पॅडने डिस्क आवळणारा भाग) बसवायचा आणि हायड्रोचा मास्टर सिलिंडर (लिव्हर ओढल्यावर ऑइल पुढे ढकलणारा), त्याची ऑइलची टाकी, मागे जाणारा पाइप हे सगळं स्वतंत्र ठेवायचं. दुसरा प्रकार इनलाइनचा. त्यात मागच्या ब्रेकचा मूळ पाइप कापून हायड्रो मध्येच जोडतात. पुष्कळ जण तो वापरतात, वाईट आहे असं नाही. पण हायड्रो ओढून धरला की मागचा ब्रेक पेडलपासून तुटतो, आणि त्या सिलिंडरला गळती लागली तर पायाचा मागचा ब्रेकही गेला. हे नको होतं म्हणून तर जादा कॅलिपरचा खर्च. बिलावर ‘ड्युअल कॅलिपर, सेपरेट लाइन’ असंच लिहिलं होतं. कॅलिपर नवे, पाइपातली हवा म्हणजे एअर काढल्याची मजुरी वेगळी.

गाडी मिळाली तेव्हा दिसायला एक नंबर. लालभडक कॅलिपर, चकचकीत ब्रेडेड होज (जाळी असलेली ब्रेकची लवचीक नळी), सीटमागे छोटी टाकी. हायड्रो ओढला की गाडीची मागची बाजू झटक्यात घसरायची. फक्त एक गोष्ट खटकत होती. हायड्रो धरून ठेवलेला असताना पायाने ब्रेक दाबला, की पेडल वरच्या वरच अडायचं, एकदम टणक. लाइन स्वतंत्र असेल तर हाताने काय ओढलंय याचा पेडलला पत्ताही लागायला नको. विचारलं तर उत्तर तयार: “दादा, पॅड नवीन आहेत, बसायला वेळ लागतो. बिनधास्त चालवा.” पॅड बसण्याचा आणि पेडल अडण्याचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

टायर बदलायला चाकं काढली तेव्हा पॅड नजरेस पडले. मूळ कॅलिपरचे पॅड निम्म्याच्या खाली गेलेले आणि जादा कॅलिपरचे जवळपास कोरे, कडेला डिस्क चाटल्याची पुसट खूण तेवढी. ड्रिफ्टमध्ये हायड्रोचे पॅड आधी संपायला हवेत, इथे सगळं उलटं.

मित्राला लिव्हर ओढायला बसवलं आणि जादा कॅलिपरच्या निपलला (एअर काढायचा छोटा स्क्रू) पाना लावला. रंगाचा थर तडकला, म्हणजे रंगवल्यापासून ते कोणी उघडलंच नव्हतं. निपल पूर्ण सैल केलं तरी थेंब नाही, बुडबुडा नाही, काही नाही. मग होज हाताने चाचपत गेलो. सबफ्रेमच्या (गाडीखालच्या मागच्या चौकटीच्या) वर जाऊन तो संपत होता. टोकात बोल्ट कोंबलेला, वरून क्लॅम्प आवळलेला आणि खालून दिसू नये म्हणून काळ्या झिप टायने वायरिंगला बांधलेला. सीटमागच्या टाकीची नळीही कार्पेटखाली अशीच बंद. टाकीत ऑइल मात्र काठोकाठ! एवढ्या खटाटोपात खरं काम झालं असतं.

का झालं नाही, ते कॅलिपर खोलल्यावर कळलं. लाल रंगाखाली गंज, पिस्टन जाम, रबरी बूट तडकलेले. सरळसरळ भंगारातला माल. वर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, त्यामुळे निपल खाली आलेलं. हवा वर चढते, म्हणून निपल वरच हवं. खाली असलं तर दिवसभर पंप करा, एअर निघत नाही. यांनी मग तो नादच सोडला आणि गुपचूप इनलाइन करून टाकलं.

आणि ते इनलाइन तरी धड असावं? गाडीचे ब्रेकचे आटे १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर). हायड्रोचं फिटिंग ३/८ इंची, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर, इंचाला २४ आट्यांचं. ते १० च्या भोकात फिरतं, थोडं धरतंही, पण नीट कधीच बसत नाही. हलतंय म्हणून त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. ब्रेकच्या पाइपला टेप लावतच नाहीत, तिथे सील होतं ते पाइपच्या टोकाच्या फ्लेअरवर (रुंद केलेल्या कडेवर). मूळ ब्रेकला हात लावू नका म्हटलं होतं, आणि पायाचा मागचा ब्रेक या टेपच्या भरवशावर चालला होता. गाडी तिथेच उभी केली.

तेव्हा काम घेताना चाकं काढलेलीच ठेवायला सांगा. आधी हायड्रोचा सिलिंडर बघा. लाइन स्वतंत्र असेल तर त्यात टाकीची नळी येते आणि एकच ब्रेक पाइप बाहेर पडतो. येणारा आणि जाणारा दोन्ही ब्रेक पाइप दिसले, की ते इनलाइन, बिलावर काहीही लिहिलेलं असो. मग लिव्हर ओढून दोन्ही जादा कॅलिपरची निपलं तुमच्यासमोर उघडायला लावा, ऑइल जोरात आलं पाहिजे. नंतर एअर पुन्हा काढावी लागते म्हणून कुरकुर होईल, होऊ द्या. कॅलिपर नवे असतील तर खोकी मागा. टेप कुठेही दिसली तर पुढचं काही बघायची गरज नाही.

फोटो दाखवल्यावर मजुरी परत मिळाली, बरीच हुज्जत घालून. पार्ट्सचे पैसे नाहीत, “रेसिंगच्या गाडीला गॅरंटी नसते.” नंतर त्यांचाच फोन आला, ते दोन कॅलिपर आणून द्या म्हणून. पुन्हा लाल रंग मारून कोणाच्या तरी डिस्कवर चढवले असते. दिले नाहीत.