रोपं वाहायला बोलेरो की कॅम्पर? 14 महिने वापरल्यानंतर

केज तालुक्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, वांगी, टरबूज. रोपं शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवून द्यायची, हा आमचा शब्द. आधी भाड्याचा छोटा हत्ती लावायचो, पण ऐन लागणीच्या दिवसांत तो मिळायचा नाही. स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा दोन सेकंडहँड गाड्या समोर होत्या: 2014 ची बोलेरो, म्हणजे सात जणांची गाडी, आणि 2015 ची बोलेरो कॅम्पर, म्हणजे पुढे पाच जणांची केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा. दोन्हींत तेच 2523 सीसीचं डिझेल इंजिन, दोन्हींत मागे पाटे (वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. किमतीतही फार अंतर नव्हतं.

खरा फरक मिस्त्रीमामांनी गाडीखाली बॅटरी धरून दाखवला. बोलेरोचे पाटे सात माणसं आणि त्यांच्या सामानाच्या हिशेबाचे. कॅम्परचे चांगलेच जाड, एक टन माल पेलायला केलेले. मामा म्हणाले, "ताई, रोज काय नेणार त्याचं वजन करा आणि मग ठरवा." आम्ही वजन केलं नाही. पुढे-मागे माल वाढेल, जड गाडी कधीही बरी, असं म्हणून कॅम्पर घेतली.

पहिली खेप कळंबच्या बाजूला, मिरचीचे 140 ट्रे. हौद्यात लोखंडी रॅक बसवला होता, ताडपत्री नीट बांधली होती. शेतावर जाऊन ताडपत्री उघडली आणि माझा जीवच खाली गेला. वरच्या ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, मातीऐवजी वापरतो तो) खालच्या रोपांवर सांडलेलं, बरीच रोपं खळग्यातून अर्धी वर आलेली, पांढरी मुळं उघडी. 32 दिवस जपलेली रोपं होती ती. त्या शेतकऱ्याला दुसरे ट्रे दिले, पण त्याची लागण तीन दिवस पुढे गेली, त्याचं मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर काटा लावला. पाणी दिलेला ट्रे अडीच किलोच्या आतच भरतो. म्हणजे 140 ट्रे साडेतीनशे किलोच्या आत, वर रॅक. टनाचे पाटे एवढ्याशा वजनाला दबतच नाहीत, मग प्रत्येक खड्डा सरळ रॅकपर्यंत पोचतो. यात गाडीचा काही दोष नाही, पाटे ज्या कामासाठी केलेत तेच करत होते. चूक आमच्या निवडीची.

दोन्ही बाजूंचा एक एक पाटा काढून टाका, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मामांनी साफ नकार दिला. एक काढला की त्याचा भार उरलेल्यांवर येतो, आणि ज्या दिवशी खताच्या गोण्या भराल त्या दिवशी पाटा तुटेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. आम्ही दुसरा मार्ग काढला. रॅकखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचा जाड रबर टाकला, प्रत्येक कप्प्यात फोमची पट्टी लावली आणि हौद्याच्या तळाशी, एक्सलच्या बरोबर वर, वाळूच्या सहा गोण्या कायमच्या ठेवल्या. तेव्हापासून वाटेत खराब होणारी रोपं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्या वाळूचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळला. रिकाम्या कॅम्परच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं. काळ्या रानातल्या पाणंदीवर चाक नुसतं गरगर फिरतं आणि जागीच खड्डा पाडतं. बोलेरोला तिच्या मागच्या बॉडीचं वजन तरी असतं. माझ्या दिरांकडे बोलेरो आहे, वाळू टाकण्याआधी एकदा तीच पाणंद त्यांनी सहज काढली आणि आमची गाडी ट्रॅक्टरने ओढावी लागली होती. वाळूच्या वजनाने आता चाक जमीन धरतं.

पण परतीच्या खेपेला हीच कॅम्पर सोन्यासारखी वाटते. लातूरहून 50 किलोच्या 16 गोण्या भरल्या, म्हणजे 800 किलो, तरी मागून बसत नाही. उलट तेव्हाच ती रस्ता धरून, अंग न हलवता चालते. दिरांनी एकदा बोलेरोत मागची सीट काढून दहा गोण्या घातल्या, तर मागून इतकी खाली बसली की हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर.

माझ्या वहीप्रमाणे ॲव्हरेज भरल्या गाडीला 11 ते 12, रिकामी 13. दिरांना 14 च्या आसपास मिळतो. पाट्यांचे बुश आल्या आल्याच बदलावे लागले, आधीच्या वापराने झिजले होते. बाकी नेहमीची सर्व्हिसिंग.

कागदपत्रांचं मात्र नीट बघा. कॅम्पर पिवळ्या पाटीची, मालवाहू. आठ वर्षांपुढच्या गाडीला पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी, विम्याचा हप्ताही आम्हाला दिरांच्या गाडीपेक्षा जास्त पडतो. एकूण वजन तीन टनांच्या आत असल्याने परमिट लागत नाही. ह्यांच्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स होतं, म्हणून आम्ही घाबरलो होतो. पण सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय की साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेच लायसन्स चालतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे खुरपणीच्या बायका हौद्यात बसवून नेतात. मी पहिल्या दिवसापासून बंदी केली आहे. आत चालकासह पाच, बस. उरलेल्या दुसऱ्या खेपेला. जास्तीचं डिझेल जळतं ते जळू दे. उघड्या हौद्यात धरायला काही नसतं, आणि घाटात एक ब्रेक पुरे होतो. येरमाळ्याला यात्रेला गेलो तेव्हा सासूबाई पुढे बसल्या, आम्ही मागच्या सरळ पाठीच्या सीटवर. घरी येईपर्यंत सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या. त्या दिवशी बोलेरोची फार आठवण आली.

नुसती रोपं आणि घरची माणसं न्यायची असती तर मी आज बोलेरोच घेतली असती, मागे रॅक लावून. आमच्याकडे आठवड्याला दोन खेपा खताच्या आणि कोकोपीटच्या असतात, म्हणून कॅम्पर ठेवली आहे. तुम्ही बघायला जाल तेव्हा गाडी रिकामी चालवून बघाच, पण गावातल्या खराब रस्त्यावर, आणि शक्य असेल तर नेहमीचा माल भरूनही. आम्हाला विकणाऱ्याने फक्त हायवेवर फिरवून आणली होती.