पिएता मूर्ती, १० इंची, रेझिन: चेहरा फसलाय, मांडी जमलीय

पिएता म्हणजे मेलेल्या येशूला मांडीवर घेऊन बसलेली त्याची आई मरिया. आधी किंमत सांगतो, सगळे तेच विचारतात. डिलिव्हरी धरून १८५० रुपये. ऑनलाइन घेतली. लिस्टिंगमध्ये 'मार्बल फिनिश' लिहिलंय ते फार मनावर घेऊ नका, हातात घेतली की कळतं आतून पोकळ आहे, टिचकी मारली की प्लास्टिकच्या डब्यासारखी वाजते.

घेतली आईसाठी. आम्ही वसईचे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या चौदा प्रसंगांपुढं म्हणायची प्रार्थना, आईने कधी चुकवली नाही, पण यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चर्चच्या पायऱ्या बंद केल्या. म्हणाली, चौदा स्थानं कुठं लावतोस घरात, तेरावं तेवढं आण. तेरावं म्हणजे येशूला क्रुसावरून खाली उतरवतात ते, आणि त्याच्या चित्रात तो बहुतेक वेळा आईच्या मांडीवर असतो.

आता गंमत बघा, मांडीवर घेतल्याचं बायबलमध्ये कुठंच नाहीये. योहान आपल्या शुभवर्तमानात सांगतो ती क्रुसाजवळ उभी होती, बास. बाकीचं लोकांनी आपलं आपण धरून चाललंय की घेतलंच असणार, कुठली आई घेणार नाही. १३०० च्या आसपास जर्मनीकडं अशा लाकडी मूर्ती व्हायला लागल्या, आणि मग मायकेलएंजेलोने १४९८-९९ मध्ये संगमरवरात केली ती रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकात आहे, बाजारातल्या बहुतेक कॉप्या तिच्याच. तेव्हा त्याला पंचवीस पण पूर्ण नव्हती. १९७२ मध्ये एका माथेफिरूने हातोडा घालून मरियेचा डावा हात आणि नाक तोडलं, तेव्हापासून ती बुलेटप्रूफ काचेमागं असते.

तर आमच्या कॉपीबद्दल. चेहरा साफ फसलाय. मूळ मूर्तीत मरिया एवढी तरुण आहे की मुलापेक्षा लहान वाटते, त्यावरून त्या काळातही लोकांनी शंका काढली होती. मला त्यात चूक वाटत नाही, मांडीवर मेलेला पोरगा असला तरी तिच्या डोळ्यांसमोर तो गोठ्यात जन्मलेला बाळच असेल. पण इथं भुवया काळ्या कोरल्यात, ओठ गुलाबी, सिरियलमधली सून वाटते. एक स्टार इथंच गेला.

मांडी मात्र जबरदस्त, आणि खरी करामत तिथंच आहे. मोठा बाप्या एका बाईच्या मांडीवर मावणार कसा? म्हणून मायकेलएंजेलोने लुगड्याच्या चुण्यांसारखं कापड पसरवून मांडीच एवढी रुंद केलीय की ती उठून उभी राहिली तर मुलापेक्षा केवढी तरी उंच भरेल, पण बघताना हे ध्यानातही येत नाही. कॉपीत ते जसंच्या तसं उतरलंय. मरियेचा उजवा हात बघा, तो येशूच्या अंगाला थेट लागत नाही, मधे कापड आहे. आमच्या पीसमध्ये रंग देणाऱ्याने कापड आणि कातडी एकाच रंगात रंगवलीत, त्यामुळं जवळ नेऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि डावा हात. तो कशालाच धरत नाही, तळवा वर करून नुसता उघडा आहे. देवाने आपला एकुलता एक पुत्र दिला हे आपण लहानपणापासून ऐकतो, योहान ३:१६, पाठच असतं. देवाने मागितला म्हणून अब्राहामाने आपल्या पोराला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेलं तेव्हा ऐनवेळी हाक आली, मेंढा मिळाला, पोरगं वाचलं. इथं हाक आली नाही. आणि आईला तर कुणी विचारलंही नव्हतं, चाळीस दिवसांचं बाळ मंदिरात घेऊन गेली तर तिथं म्हातारा शिमोन सांगतो की तुझ्या जिवातून तरवार जाईल. बाळंतिणीला सांगायची गोष्ट आहे का ही! प्रवचनांत पित्याच्या त्यागावर तासभर बोलतात, हा हात मात्र राहून जातो असं माझं मत.

आमच्याकडं मुलगा फादर झाला की 'देवाला दिला' म्हणतात. माझा थोरला भाऊ दहावी झाल्यावर सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण देतात तिथं, गेला, आता लांब मिशनवर असतो, वर्षा-दोन वर्षांत एकदा येतो. त्याच्या दीक्षाविधीला सगळं गाव आईचं अभिनंदन करत होतं, ती हसत होती, घरी आल्यावर त्याचा शाळेचा स्वेटर धुऊन वाळत घातला, कित्येक वर्षं कपाटात पडलेला स्वेटर, का धुतला कुणी विचारलं नाही.

तर मुद्द्याचं, पॅकिंग भंगार. थर्माकोल फक्त खाली, बाजूला वर्तमानपत्राचे बोळे, आणि उघडली तर नेमक्या त्याच डाव्या हाताची दोन बोटं तुटून डब्याच्या तळाशी. मी लगेच रिटर्न टाकायला मोबाईल काढला, सात दिवसांची मुदत होती, फोटोपण काढले. तोवर आईने तिला घरातल्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, ठेवून पुढं मेणबत्ती लावलेली.

म्हटलं, आई, बदलून मिळेल, चांगली येईल.

"ठेवली ना आता. ठेवलेलं परत मागतात होय रे?"

मग रिटर्न कॅन्सल केलं. कस्टमर केअरवाल्यांनी दोनशे रुपये परत दिले, तेवढं बरं केलं. बोटं फेविक्विकने मीच चिकटवली, करंगळी जरा वाकडी बसलीय. आई संध्याकाळी रोझरी झाली की माळ त्याच हातात अडकवून ठेवते, त्यामुळं वाकडी करंगळी दिसत नाही.

पाचपैकी साडेतीन. घ्यायची असेल तर बारा इंचाची घ्या, चेहऱ्याचं रंगकाम थोडं बरं असेल कदाचित, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.