ग्रीस निपल तुटले म्हणून क्रॉस आणि योक बदलल्याचे पैसे : सोलापुरातील फसवणुकीचा अनुभव

हस्ताचा पाऊस उघडला, रानाला वाफसा आला की सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या पेरणीची एकच घाई उडते, आणि यंत्र बंद पडलेला शेतकरी अशा वेळी घासाघीस करत बसत नाही, हे काही दुरुस्तीवाल्यांना चांगले ठाऊक असते. माझी जी फसवणूक झाली ती याच दिवसांत झाली. इतरांनी वेळीच सावध व्हावे म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला पोहोचवणाऱ्या पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना क्रॉस असतो. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हासारखा सांधा; त्याच्या चारही टोकांवर टोप्या असतात आणि त्याला धरणाऱ्या दुबेळक्या भागाला योक म्हणतात. आमच्या शाफ्टच्या एका क्रॉसचे ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरण्याचे तोंड, दगड लागून मुळाशी तुटले आणि त्याचा आट्यांचा तुकडा भोकातच राहिला. निपल ही वस्तू अगदी लहान असली तरी तिचे काम मोठे आहे. तिच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसवलेला छर्रा असतो. ग्रीस गनच्या दाबाने तो मागे सरकतो, ग्रीस आत जाते, आणि दाब सुटला की तोच छर्रा तोंड बंद करून माती व पाणी बाहेर ठेवतो. निपलच नसेल तर क्रॉसच्या टोप्यांमधील सुयांच्या बेअरिंगपर्यंत ग्रीस पोहोचत नाही आणि ते कोरडे पडून जळते.

गावचा फिटर बाहेरगावी असल्यामुळे शाफ्ट सोडवून मी सोलापूर शहरातील एका गॅरेजमध्ये नेला. तेथील मालकाने तो हातात घेऊन फिरवला आणि आटे पूर्ण गेले आहेत, दोन्ही क्रॉस व एक योक बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, असे सांगितले. संध्याकाळी रंग मारलेला शाफ्ट मिळाला आणि ‘कंपनीचा माल’ म्हणून 4,800 रुपये घेण्यात आले. पक्के बिल मागितले असता ते मोबाईलवर पाठवतो असे सांगून त्याने तूर्त एका कागदावर रक्कम लिहून दिली. निघताना त्याने आणखी एक गोष्ट बजावली : ग्रीस गच्च भरले आहे, आता महिनाभर गन लावू नका.

हा सल्ला मला मुळीच पटला नाही. दिवसभर चालणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसला साधारण दर आठ तासांनी ग्रीस द्यावे, असे यंत्राच्या पुस्तिकांमध्येच लिहिलेले असते. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर गन लावून दाब दिला, तर ते नवे निपल गनच्या तोंडाबरोबर उपटून हातात आले. त्याचे आटे कापून टाकलेले होते आणि बुडाला एपॉक्सी, म्हणजे चिकटवण्याचा राखाडी लेप, लागलेला होता. खाली भोकात जुना तुटका तुकडा जसाच्या तसा होता. मग सर्कलिप, म्हणजे खाचेत बसून टोपीला जागेवर धरणारी कडी, हिच्याजवळचा रंग खरवडून पाहिला. खाचेत मागच्या हंगामाची काळी माती दगडासारखी घट्ट बसलेली होती. सर्कलिप काढल्याशिवाय क्रॉस बाहेर निघूच शकत नाही. म्हणजे बदललेला म्हणून सांगितलेला क्रॉस जागचा हललाही नव्हता. योकही जुनाच होता.

मला पैशांपेक्षा जास्त संताप आला तो धोक्यामुळे. पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे फिरतो. क्रॉस अडकून तो तुटला तर मोकळे टोक ज्या वेगाने फटकारते, त्यात जवळचा माणूस जायबंदी होऊ शकतो किंवा त्याचा जीवही जाऊ शकतो.

गावचा फिटर परतल्यावर त्याने हेच काम माझ्या डोळ्यांदेखत केले. भोकाभोवतीची माती त्याने साफ केली, तुकड्यात बारीक छिद्र पाडून उलट्या आट्यांचा इझी-आउट बसवला आणि डावीकडे फिरवताच तुकडा निघून आला. नंतर आटे पाडण्याच्या टॅपला ग्रीस लावून, म्हणजे लोखंडाचा कीस त्यालाच चिकटेल आणि आतल्या वाटेत पडणार नाही अशा बेताने, त्याने आटे साफ केले. नवे निपल निवडताना त्याने जी काळजी घेतली, ती प्रत्येकाने घ्यावी अशी आहे : 6 मिलिमीटरचे, 1 मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधील अंतर) निपल आणि पाव इंची, इंचाला 28 आट्यांचे निपल दिसायला जवळजवळ सारखेच असते, पण एकाच्या भोकात दुसरे पान्याने दामटले की उरलेसुरले आटेही जातात. सुरुवातीचे आटे नुसत्या हाताने सहज बसले पाहिजेत. शेवटी त्याने चारही टोप्यांच्या कडेने ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवली. निपल दहा-वीस रुपयांचे होते; मजुरी धरूनही खर्च गॅरेजच्या रकमेच्या जवळपास गेला नाही. क्रॉस नशिबाने वाचला.

म्हणून शाफ्ट दुरुस्तीला टाकण्यापूर्वी क्रॉस आणि योकवर लोखंडी पंच ठोकून खूण करून मोबाईलवर फोटो घ्यावा, बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि दुकानातून निघण्यापूर्वीच गन लावून चारही टोप्यांतून ग्रीस येते का ते पाहावे. जुना भाग देण्यास किंवा गन लावू देण्यास जो नकार देतो, त्याला पैसे देऊ नयेत.

गॅरेजमालकाने आता तो शाफ्ट आपल्याकडे आलाच नव्हता, असा पवित्रा घेतला आहे. त्याच्या हस्ताक्षरातील कागद आणि मोबाईलवरून पैसे पाठवल्याची नोंद माझ्याकडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली असून, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येत असल्याने तोही अर्ज तयार केला आहे. आटे कापलेले निपल आणि भोकातून निघालेला तुकडा मी पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.